छातीवरच्या फिती वाचताना

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज पोचला. सैन्यात अधिकारी निवडणाऱ्या एसएसबीच्या मुलाखतीत आदर्श सेनानी विचारला तर लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरातांचं नाव घ्यायचं ठरवलंयस, आणि त्यासाठी त्यांच्या मानसन्मानांची यादी मागितलीस. यादी तुला मोबाईलवर मिळेल, आणि समोर बसलेल्या अधिकाऱ्यालाही ती तुझ्यापेक्षा जास्त पाठ असेल. तो पुढचा प्रश्न विचारील तिथे तू अडकू नयेस, म्हणून जरा लांबण लावतो.

गणवेशावरच्या सगळ्या फिती, म्हणजे पदकांच्या रंगीत पट्ट्या, एका मापाच्या नसतात. नऊ, वीस, तीस वर्षं सेवा झाली की एकेक मेडल येतं. अतिउंचावर तैनात होतीस म्हणून येतं, जखमी झालीस म्हणूनही येतं. त्यात कमीपणा काही नाही. नोकरी झाल्याची ती नोंद आहे. मोठ्या मानाची फीत छातीच्या मध्याकडे लावतात. तिथून वाचायला सुरुवात करायची आणि दरवेळी विचारायचं: हे मिळालं तेव्हा बरोबर आणखी कोण होतं?

थोरात आपल्या कोल्हापूरजवळच्या वडगावचे. सँडहर्स्टला हिंदी मुलांसाठी वर्षाला जेमतेम दहा जागा असत तेव्हा ते तिथे शिकले आणि १९२६ साली कमिशन घेऊन बाहेर पडले. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशात, आराकान किनाऱ्यालगतच्या कांगॉच्या लढाईत, ५१व्या ब्रिगेडच्या तिन्ही बटालियन हिंदी अधिकाऱ्यांच्या हाती होत्या. इंग्रजांच्या फौजेत ही नवलाचीच गोष्ट. थिमय्या, थोरात आणि एल. पी. सेन. थोरातांच्या २/२ पंजाबने जपान्यांकडून मेलरोज नावाची टेकडी घेतली. तिघांनाही डीएसओ हा ब्रिटिश लष्करी सन्मान मिळाला.

आता पुढे बघ. थिमय्या १९५७ साली लष्करप्रमुख झाले. त्यांच्यामागून थोरातांनी ते पद घ्यावं अशी थिमय्यांची इच्छा होती. ते झालं नाही, थोरात मे १९६१ मध्ये निवृत्त झाले. आणि लष्कराच्या लखनौच्या पूर्व विभागात त्यांच्या खुर्चीवर कोण आलं? तिसरे, सेन. १९६२चं चीन युद्ध पूर्वेला सेनांच्या कारकिर्दीत घडलं. लढाई एक, फीत एक, वाटा तीन. नुसत्या फितीवरून यातलं काही ओळखता आलं असतं का, सांग.

कोरियाचं मेडल मला त्याहून जास्त आवडतं. १९५३ च्या कोरियातल्या युद्धबंदी करारानंतर मायदेशी परत जायला नकार देणारे २२,०००हून अधिक युद्धकैदी भारतीय फौजेच्या ताब्यात आले. थोरात त्या फौजेचे प्रमुख. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष आपल्या सैनिकांना जमिनीवर पाय ठेवू देईनात, म्हणून त्यांना बोटीवरून उचलून हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात नेलं. सप्टेंबरमध्ये चिनी कैद्यांनी आपल्या फौजेतल्या मेजर ग्रेवालांना पकडून ठेवलं. गोळीबाराचा हुकूम देता आला असता. थोरात मोजकी माणसं घेऊन, हत्याराविना, त्या खवळलेल्या गर्दीत शिरले. तिथे त्यांनी कैद्यांनाच सुनावलं, की मी पूर्वी तुमच्या देशात आलो तेव्हा काय आदर झाला होता, आणि आज घरी आलेल्याला साधा चहासुद्धा नाही! चहा आला, ग्रेवालही सुटले. या कामगिरीबद्दल त्यांना अशोकचक्र वर्ग २ मिळालं; १९६७ पासून त्याचं नाव कीर्तिचक्र. मुलाखतीत एकच प्रसंग सांगायचा झाला तर हा सांग. पण 'निर्भय होते' एवढ्यावर थांबू नकोस. समोरच्याच्या मानीपणाला कुठे हात घालायचा हे त्यांना त्या घटकेला सुचलं, ते सांग.

ज्या कामाबद्दल मी त्यांना सर्वांत जास्त मानतो, त्याची मात्र फीत नाही. ऑक्टोबर १९५९ मध्ये त्यांनी नेफाच्या (आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या) संरक्षणाचा आराखडा लिहून वर पाठवला. थोडक्यात म्हणणं असं: तिबेटलगतच्या सीमेवरच्या, म्हणजे मॅकमोहन रेषेवरच्या चौक्या फक्त इशारा देण्यापुरत्या ठेवा, खरी लढाई मागे, आपली रसद पोचेल अशा ओळीवर द्या. मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किल्ला' नावाच्या सरावात हेच मांडून दाखवलं. थोरातांनी आत्मचरित्रात लिहिल्याप्रमाणे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना चीनचा हा धोका बागुलबुवा वाटला. चीनला आपण मुत्सद्देगिरीने थोपवू, असा त्यांचा भरवसा होता. नोव्हेंबर १९६२ मध्ये नेफातली से ला खिंड आणि बोमडिला चिन्यांच्या हाती पडले, त्यानंतर नेहरूंनी थोरातांना बोलावून घेतलं.

लोक यावरून लगेच 'थोरातांचं ऐकलं असतं तर' सुरू करतात. तू करू नकोस. आराखडा कागदावर बरोबर असला तरी त्याला लागणारं सैन्य, तोफा, रस्ते त्या दोन वर्षांत उभे राहिले असते का, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मला भावतं ते एवढंच, की वरच्यांना काय ऐकायला आवडेल याचा विचार न करता त्यांनी लिहिलं, आणि ते नाकारलं गेल्यावरही नोकरी चोख केली. पुढे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचं अध्यक्षपदही सांभाळलं.

म्हणून पाठांतर पुरे कर. फौजेत परिस्थितीचा अंदाज एका शिस्तीत लिहून काढायची रीत आहे, अप्रिसिएशन म्हणतात: उद्देश, जमीन, शत्रू, आपण, पर्याय, निर्णय. नेफाच्या पश्चिमेकडच्या कामेंगचा नकाशा काढ. तेजपूरहून निघून बोमडिला, दिरांग, से ला, तवांग असा रस्ता बोटाने चाल. से ला सुमारे १३,७०० फुटांवर आहे, हे लक्षात ठेव. तोफेचा गोळा तिथवर कोण वाहून नेणार? मग सीमेवरच्या बूम ला खिंडीच्या पलीकडे, तिबेटच्या पठारावर गाडी कुठवर येते ते बघ. १९५९ साल धर आणि तू थोरातांच्या खुर्चीत आहेस असं समजून एकच पान लिही, हाताने, मराठीत चालेल. मेननांना पटेल अशा बेताने लिहिलंस तर मला कळेल. रविवारपर्यंत पाठव, फोटो काढून पाठवलास तरी हरकत नाही. आणि सकाळचं पळणं चुकवू नकोस, आईने फोनवर सगळं सांगितलंय.

तुझा,
काका