एक कान रुग्णाकडे ठेवून

घरच्या आजारी माणसाचं करणाऱ्या वाचकांनी ध्वनिध्यानाबद्दल, म्हणजे नाद ऐकत किंवा गुणगुणत करायच्या ध्यानाबद्दल, विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे. त्यांचं सगळं मीच करते. ताण हलका व्हावा म्हणून दुपारी हेडफोन लावून सिंगिंग बाऊलचा (दांड्याने वाजवायच्या धातूच्या वाटीचा) अर्ध्या तासाचा ट्रॅक ऐकते. पण मधूनमधून हेडफोन काढून, त्यांनी हाक तर मारली नाही ना, याचा कानोसा घेते. उठते तेव्हा आधीपेक्षा जास्त चिडचिड होते. माझं काय चुकतंय?

उत्तर : तुमचं काही चुकत नाही. ही पद्धत ज्याला अर्धा तास कुणी हाक मारणार नाही, त्याच्यासाठी आहे. आजारी माणसाचं करणाऱ्याचे कान सतत पहाऱ्यावर असतात. खोकला, पलंगाची करकर, दाराची कडी यांतला फरक त्यांना झोपेतही कळतो. असे कान बुजवले की मन सैलावत नाही, उलट जास्त सावध होतं.

म्हणून हेडफोन आधी बाजूला ठेवा. ऐकायचंच असेल तर फोनच्या स्पीकरवर, बारीक आवाजात ऐका. किती बारीक, ते एकदाच तपासून घ्या: सासूबाईंच्या खोलीतून कुणाला तरी हळू बोलायला सांगा. शब्द कळले नाहीत तरी चालेल, पण कुणीतरी बोलतंय हे तुमच्या जागेवर कळायला हवं.

अर्धा तासही सोडून द्या. दिवसातून तीनदा दोन-तीन मिनिटं पुरतात. ती घड्याळाला न बांधता कामाला बांधा. औषध देऊन झालं, पाणी पाजलं, बाथरूमला नेऊन आणलं, की लगेच बसा. तेव्हा हाक येण्याची शक्यता सगळ्यांत कमी असते.

आणि आमचा आग्रह असा, की ट्रॅकपेक्षा स्वतःचा आवाज वापरा. तो हवा तेव्हा थांबवता येतो आणि गुणगुणताना उच्छ्वास आपोआप लांबतो. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात. त्यामुळे उच्छ्वास लांबवणं हा शरीराला शांत करण्याचा सरळ मार्ग आहे.

भ्रामरी, म्हणजे गुणगुणत श्वास सोडण्याचा प्राणायाम, अशी करा. पाठ टेकून बसा, तळपाय जमिनीवर. ओठ मिटलेले, पण वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेले नकोत. दातांवर दात दाबले की जबड्यातला ताण तसाच राहतो. नाकाने साधारण ४ सेकंद श्वास घ्या आणि सोडताना ६ ते ८ सेकंद ‘म्’चा गुंजारव करा. सूर तुमच्या बोलण्यातल्या सर्वांत खालच्या पट्टीतला, आवाज शेजारी बसलेल्यालाच ऐकू जाईल इतका. छातीच्या मधल्या हाडावर बोटं ठेवलीत तर कंप जाणवतो. लक्ष तिथे ठेवा. अशी सहा आवर्तनं करा. मग अर्धा मिनिट नुसतं बसून घरात जे आवाज आहेत ते ऐका. एरवी भ्रामरीत कान बंद करतात, तुम्ही उघडेच ठेवा. मध्येच हाक आली तर उठा; राहिलेली आवर्तनं नंतर भरून काढायची नाहीत.

चक्कर आली किंवा बोटांना मुंग्या आल्या तर श्वास गरजेपेक्षा खोल आणि घाईने घेतला जातोय. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. आत घेतलेला श्वास लहान करा. घसा खवखवला तर आवाज घशातून ढकलला जातोय. तो निम्म्यावर आणा. श्वास पुरत नसेल तर ५ सेकंदांचाच उच्छ्वास ठेवा, ओढाताण करू नका. आणि बसल्या बसल्या डोळे मिटत असतील तर त्या वेळी ध्यान नको, झोप हवी आहे. आडवे व्हा.

प्रश्न : याला काही शास्त्रीय आधार आहे, की नुसतीच समजूत?

उत्तर : आधार आहे, पण जाहिरातीत सांगतात तेवढा मोठा नाही. तुमच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळचा अभ्यास लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातला, २०१३ साली प्रसिद्ध झालेला. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचं करणारे ३९ कुटुंबीय त्यात होते. सगळ्यांमध्ये नैराश्याची लक्षणं होती. एका गटाने रोज १२ मिनिटं ‘कीर्तन क्रिया’ (बोटांच्या हालचालींसह चार अक्षरांचा जप) केली, दुसऱ्याने तेवढाच वेळ शांत संगीत ऐकलं. आठ आठवड्यांनी नैराश्याच्या मोजपट्टीवर निम्म्याने सुधारणा झालेले लोक पहिल्या गटात सुमारे ६५ टक्के होते, दुसऱ्यात सुमारे ३१ टक्के. गट लहान आहेत, त्यामुळे आकडे जपूनच घ्यावेत. पण ऐकण्यापेक्षा म्हणण्याचा उपयोग जास्त झालेला दिसतो आणि आमच्या लेखी ती महत्त्वाची गोष्ट आहे.

ही क्रिया सोपी आहे. ‘सा-ता-ना-मा’ म्हणताना अंगठा क्रमाने तर्जनी, मधलं बोट, अनामिका, करंगळी यांना टेकवायचा. दोन मिनिटं मोठ्याने, दोन कुजबुजत, चार मनात, पुन्हा दोन कुजबुजत, दोन मोठ्याने. बोटं हलत असल्यामुळे मन भरकटलं तरी जागा सापडते. शिवाय आठ मिनिटं जवळजवळ आवाज होत नाही, म्हणजे रुग्ण झोपलेला असतानाही करता येते.

जपमाळेची प्रार्थना किंवा मंत्र म्हणताना श्वास मिनिटाला साधारण सहावर येतो, हे इटलीतल्या संशोधकांच्या २००१ सालच्या अभ्यासात दिसलं. वरच्या भ्रामरीचा वेगही तोच आहे. सिंगिंग बाऊलवरच्या २०१६ च्या एका अमेरिकी अभ्यासात ६२ जणांचा ताण, राग आणि थकवा एका बैठकीनंतर कमी नोंदला गेला, पण तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. श्रेय वाटीच्या नादाचं किती आणि निवांत पडून राहण्याचं किती, हे त्यातून सांगता येत नाही.

प्रश्न : सिंगिंग बाऊल आणला आहे, पण दांडा फिरवला की खडखडतो. वडिलांच्या खोलीत वाजवला तर चालेल का?

उत्तर : दांडा काठावरून उसळतो म्हणून खडखड होते. दाब थोडा वाढवा, वेग निम्मा करा आणि दांडा उभा धरून संपूर्ण हाताने फिरवा, मनगटाने नाही. नाद लगेच विझत असेल तर बोटं वाटीच्या अंगाला लागताहेत. तळहात सपाट ठेवा. खरं तर दांडा फिरवण्याची गरजच नाही. कापड किंवा लोकर लावलेल्या टोकाने काठाच्या जरा खाली, बाहेरून हलका ठोका द्या आणि नाद पूर्ण विरेपर्यंत त्याच्या मागे जा. मगच पुढचा ठोका. सहा-सात ठोके पुष्कळ झाले.

वडिलांजवळ वाजवायचा तर ते जागे असताना, त्यांना वाटी दाखवून, लांबून. श्रवणयंत्र असेल तर धातूचा आवाज त्यातून टोचतो. ते आधी काढा किंवा त्याचा आवाज कमी करा. स्मृतिभ्रंशात अनोळखी आवाजाने माणूस बिथरू शकतो. चेहरा आक्रसला, हात कानाकडे गेला, की बंद. पेसमेकर असलेल्याच्या अंगावर वाटी ठेवू नका. फिट्स येत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाजवू नका.

प्रश्न : ४३२ हर्ट्झचं संगीत किंवा बायनॉरल बीट्स घ्यावेत का?

उत्तर : ४३२ हर्ट्झ म्हणजे वाद्यं लावण्याची एक पट्टी; त्या आकड्यात औषधी गुण असल्याचा भक्कम पुरावा नाही. आवडत असेल तर ऐका, त्यासाठी पैसे मोजू नका. बायनॉरल बीट्स म्हणजे दोन कानांतल्या दोन सुरांमुळे जाणवणारी थाप; त्यासाठी दोन्ही कानांत वेगवेगळा सूर जावा लागतो, म्हणजे हेडफोन आलेच. तुमच्यासाठी ते तिथेच बाद.

प्रश्न : रात्री आईला कूस बदलून देऊन परत आलो की झोप लागत नाही.

उत्तर : परत आल्यावर दिवा आणि फोन दोन्ही नकोत. कुशीवर झोपून तोच गुंजारव मनातल्या मनात करा, लांब उच्छ्वासाबरोबर. दहा उच्छ्वास मोजा आणि पुन्हा एकपासून सुरू करा. घड्याळ बघू नका. किती वाजले हे कळलं की उरलेल्या तासांचा हिशोब सुरू होतो.

प्रश्न : गुणगुणताना रडू येतं. आणि कधी कधी आजारी नवऱ्यावर हात उगारावासा वाटतो. ध्यान वाढवू का?

उत्तर : वाढवू नका. रडू येणं वाईट नाही. डोळे उघडा, पाय जमिनीवर दाबा, रडू ओसरू द्या. पण हात उगारावासा वाटणं ही भार एका माणसाच्या ताकदीपलीकडे गेल्याची खूण आहे, आणि तो भार गुणगुणून कमी होत नाही. तसा क्षण आला तर नवरा सुरक्षित आहे हे पाहून खोलीबाहेर जा. घरच्यांना ‘मदत करा’ एवढंच म्हणू नका. ‘मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी दोन तास तू त्यांच्याजवळ बस’ असं नेमकं मागा. दोन आठवडे उदासी किंवा निद्रानाश टिकला, तर डॉक्टरांकडे जा. जगणं नकोसं वाटत असेल तर त्याच दिवशी जा आणि तोवर एकट्या राहू नका. नेहमीच्या डॉक्टरांपासून सुरुवात केली तरी चालेल. तिथे नवऱ्याच्या आजाराबद्दल बोलायला लागू नका. तुमची झोप किती तास होते, जेवण किती जातं, राग किती वेळा अनावर होतो, हे कागदावर लिहून न्या आणि तोच कागद पुढे करा.