हॅमरफेस्टमधला हातोडा

नॉर्वेच्या उत्तर टोकाजवळील हॅमरफेस्ट या बंदराचे दुसऱ्या महायुद्धापूर्वीचे एक छायाचित्र पाहून एका वाचकाने विचारले आहे, की या नावाचा अर्थ ‘हातोड्यांचा उत्सव’ असा होतो का, आणि मराठीत ते कसे लिहावे.

उत्सवाचा येथे काहीही संबंध नाही. नावाचे उत्तरपद प्राचीन नॉर्स (नॉर्वेजियनची पूर्वज) भाषेतील ‘फेस्त्र’ या शब्दापासून आले असून त्याचा अर्थ होडी बांधून ठेवण्याची सोय असा आहे. उत्सववाचक ‘फेस्ट’ हा लॅटिनमधून आलेला निराळाच शब्द होय.

हातोड्याची गोष्ट मात्र इतकी सहज निकालात काढता येत नाही. ‘हमर’ या पूर्वपदाला प्राचीन नॉर्समध्ये कातळ आणि हातोडा असे दोन्ही अर्थ होते, कारण बहुधा हातोडा मुळात दगडाचाच असे. अनेक भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते संस्कृत ‘अश्मन्’शी जोडतात, म्हणजे आपल्या ‘अश्मयुग’ आणि ‘जीवाश्म’ या शब्दांशी ते लांबून का होईना, पोहोचते. गावाच्या नावात अर्थ कातळाचाच आहे: जिथे होड्या बांधता येतात असे मोठे खडक.

ते खडक छायाचित्रात शोधू नयेत. एकोणिसाव्या शतकात बंदराजवळचा रस्ता बांधताना ते भरावाखाली गेले. छायाचित्रातले गावही पुढे राहिले नाही. 1789 मध्ये नगराचा दर्जा मिळालेले हे गाव 1890 च्या आगीत बरेचसे जळाले, लगेच 1891 मध्ये तेथे रस्त्यांवर विजेचे दिवे लागले (दोन महिने सूर्य न उगवणाऱ्या गावाला ही घाई शोभून दिसते), आणि दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने रहिवाशांना हुसकावून ते असे जाळले, की दफनभूमीतील प्रार्थनागृहाखेरीज एकही इमारत उभी राहिली नाही. त्यामुळे ‘जुने हॅमरफेस्ट’ हा शब्दप्रयोग संदिग्ध ठरतो. आगीपूर्वीचे की युद्धापूर्वीचे, हे सांगावे.

लेखनाबद्दल म्हणाल, तर नॉर्वेजियन उच्चाराला ‘हामरफेस्ट’ अधिक जवळचे आहे. ‘हॅमरफेस्ट’ इंग्रजीमार्गे रूढ झाले आहे आणि ते चूक म्हणता येणार नाही, परंतु वाचकाला हातोडा दिसला तो त्या ‘हॅ’मुळेच.