पिस्तूल ठेवून द्या, नजर राहू द्या

प्रश्न : मी बेचाळीस वर्षांची, माध्यमिक शाळेत गणित शिकवणारी शिक्षिका आहे. मध्यंतरी जुन्या मैत्रिणी एकत्र जमलो, तेव्हा आम्ही जुन्या गँगस्टरांसारखा वेष करून फोटो काढले. मी उभ्या रेघांचा कोट घातला, कपाळावर हॅट ओढली, गालावर काजळाच्या पेन्सिलने जखमेचा व्रण काढून घेतला आणि मुलाचे खेळण्यातले पिस्तूल मांडीवर ठेवून खुर्चीत बसले. फोटोत मी हसतही नाही. तो फोटो मी डीपी म्हणून ठेवला. यजमानांना गंमत वाटली आणि नऊ वर्षांचा मुलगा तर ‘मी मम्मीच्या गँगमध्ये’ म्हणत बोटांचे पिस्तूल करून फिरू लागला. मोठ्या नणंदबाईंनी मात्र सर्वांसमोर विचारले, की गुंडांचे कौतुक करणारी बाई मुलांना काय शिकवणार? मला उत्तर देता आले नाही. पण खरी टोचणी वेगळीच आहे. तो फोटो मी रोज उघडून बघते. लग्नाच्या फोटोंतही मी मला इतकी आवडले नव्हते. माझ्यात काही वावगे आहे का? फोटो काढून टाकू का?

उत्तर : तुम्ही तो फोटो रोज का बघता, हा तुमच्या पत्रातील खरा प्रश्न आहे आणि मी सुरुवात तिथूनच करते, कारण त्याचे उत्तर सापडले की नणंदबाईंना काय सांगायचे हे बरेचसे आपोआप ठरेल.

‘फोटोत मी हसतही नाही’ असे तुम्ही जाता जाता लिहिले आहे. माझ्या मते सगळे मर्म त्या वाक्यात आहे. फोटो काढायची वेळ आली की बाईला काय काय सांगितले जाते ते आठवून पाहा : जरा हसा, जरा बाजूला सरका, मागच्यांना दिसू द्या, मुलाला पुढे घ्या, केस नीट करा. कॅमेऱ्यासमोरसुद्धा तिच्याकडे काम असतेच, आणि ते म्हणजे बघणाऱ्याला प्रसन्न वाटेल अशी व्यवस्था करणे. गँगस्टरच्या वेषात हे काम उरत नाही. तो खुर्चीत पाठ टेकून, दोन्ही कोपरे खुर्चीच्या हातांवर पसरून बसतो, कोणासाठीही सरकत नाही, आणि त्याने हसावे अशी अपेक्षा करण्याची कोणाची छाती होत नाही. तुम्ही त्या दिवशी तसे बसलात आणि कोणाला खूश करण्याची जबाबदारी नसलेला स्वतःचा चेहरा कदाचित पहिल्यांदाच पाहिलात. तो आवडला यात वावगे काहीही नाही. बेचाळीस वर्षे तो बघायला मिळाला नाही, याचे मला अधिक वाईट वाटते.

त्या प्रतिमेची बांधणीही अशी आहे, की त्यात शिरणारा कोणीही भारदस्त दिसू लागतो. एका बाजूने येणारा एकच तीव्र प्रकाश अर्धा चेहरा उजळतो आणि अर्धा अंधारात ठेवतो. हॅटच्या कडेची सावली डोळ्यांवर पडते, त्यामुळे बघणाऱ्याला तुमच्या मनात काय चालले आहे ते कळत नाही, पण तुम्ही त्याला बघत आहात हे मात्र त्याला जाणवत राहते. आणि कॅमेरा डोळ्यांच्या पातळीखाली धरलेला असेल, तर त्याला मान वर करून तुमच्याकडे पाहिल्यासारखे होते. ही सगळी भाषा मुख्यतः १९३० च्या दशकातील अमेरिकी चित्रपटांनी रुजवली. तिथे १९२० ते १९३३ या काळात दारूबंदी होती, चोरट्या दारूच्या पैशावर टोळ्या माजल्या होत्या, आणि त्याच सुमारास चित्रपट बोलू लागल्यामुळे बंदुकीचे आवाज व मोटारींच्या टायरचे चीत्कार प्रेक्षकांना पहिल्यांदाच ऐकू येत होते. हॅटची गोष्ट तर तुम्हाला आवडेल. सारा बर्नहार्ट या अभिनेत्रीने १८८२ साली पॅरिसच्या रंगभूमीवर तशी हॅट घातली, आणि पुरुषांच्या डोक्यावर जाण्याआधी ती स्त्रियांमध्ये लोकप्रिय झाली.

गालावरच्या व्रणाबद्दलही सांगते. शिकागोचा अल कपोन, ज्याच्यावरून बहुतेक साऱ्यांना हा व्रण सुचतो, तो प्रत्यक्षात कॅमेऱ्यासमोर डावा गाल लपवत असे आणि उजवी बाजू पुढे करत असे, कारण त्या व्रणांची त्याला लाज वाटे. त्याला १९३१ साली अकरा वर्षांची शिक्षा झाली, तीही आयकर चुकवल्याबद्दल. खरा गुंड जे झाकत होता तेच तुम्ही पेन्सिलने हौसेने काढून घेतलेत. तुमचे खेळणे चित्रपटांनी घडवलेल्या चित्राशी आहे, त्या माणसाशी नाही, आणि नणंदबाईंच्या प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्या भागाला एवढे उत्तर पुरेसे आहे.

दुसरा अर्धा भाग मात्र मी असा सोडून देणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. १९३३ च्या एप्रिल महिन्यात मिझुरी राज्यातील जॉप्लिन गावात पोलीस एका घरावर गेले. आतल्या टोळीने गोळीबार केला, दोन पोलीस मारले गेले आणि टोळी पळून गेली. घरात कॅमेऱ्याची न धुतलेली फिल्म सापडली. स्थानिक वर्तमानपत्राने ती धुतली, तेव्हा बॉनी पार्कर आणि क्लाइड बॅरो हे जोडपे जगासमोर आले. एका फोटोत बॉनी मोटारीच्या पुढच्या बाजूला एक पाय टेकून, दातांत सिगार आणि हातात पिस्तूल घेऊन उभी आहे. दुसऱ्यात तिने गमतीने क्लाइडवरच बंदूक रोखली आहे. म्हणजे बावीस वर्षांची ती मुलगीही त्या वेळी गँगस्टरचा अभिनयच करत होती, तुमच्यासारखाच. सिगारचा शिक्का तिला इतका खुपत होता, की पुढच्या वर्षी ओक्लाहोमामध्ये ओलीस धरलेल्या एका पोलीस अधिकाऱ्याला सोडताना, मी सिगार ओढत नाही हे वर्तमानपत्रांना सांगा, असा निरोप तिने त्याच्याजवळ दिला. त्याच दिवशी सकाळी तिच्या टोळीने त्या अधिकाऱ्याच्या सहकाऱ्याला गोळ्या घालून मारले होते. त्याच्या घरच्यांना सिगारशी काय देणेघेणे असणार? मे १९३४ मध्ये लुइझियानातील एका रस्त्यावर पोलिसांनी दबा धरून त्या दोघांना मारले. आज नव्वदहून अधिक वर्षांनंतर लोकांना बॉनीची ऐट आठवते, आणि जॉप्लिनच्या दारात पडलेल्या दोन पोलिसांची नावे फारशी कोणाला आठवत नाहीत. गँगस्टरच्या चित्राचा खरा दोष मला हा वाटतो. ते ज्याच्या हातात बंदूक आहे त्यालाच चौकटीत घेते, आणि गोळी ज्याला लागते तो बाहेर राहतो.

ही चिंता नवीन नाही. अमेरिकेच्या चित्रपटसृष्टीने १९३० साली स्वतःसाठी जी आचारसंहिता केली आणि १९३४ पासून कडकपणे लागू केली, तिच्यातही प्रेक्षकांची सहानुभूती गुन्हेगाराच्या बाजूला झुकू नये असे कलम होते. तेव्हा नणंदबाई जुनाट विचारांच्या आहेत असे समजू नका. त्या सर्वांसमोर बोलल्या हे चुकलेच, आणि ते त्यांना एकटीला गाठून शांतपणे सांगायला हरकत नाही. पण त्यांचा मुद्दा मान्य करूनच सांगा. आपल्या आसपासही अशी घरे आहेत जिथे खंडणीचा फोन येऊन गेला आहे, जिथला कोणी भाईगिरीच्या नादी लागून परत आलेला नाही. त्या घरातील माणसाला तुमच्या मांडीवरचे पिस्तूल बघून हसू येणार नाही, आणि तसा एखादा पालक तुमच्याही शाळेत असू शकतो.

म्हणून माझे मत असे आहे, की तुम्हाला जे आवडले त्याला पिस्तुलाची गरजच नाही. फोटो काढून टाकू नका. डीपीसाठी त्यातला खांद्यांपासून वरचा भाग तेवढा कापून घ्या. हॅट, सावली आणि ती नजर राहील, पिस्तूल चौकटीबाहेर जाईल. पूर्ण फोटो घरी ठेवा, मैत्रिणींना दाखवा, पोटभर हसा. मात्र आज जिवंत असलेल्या किंवा ज्यांच्या बळींचे नातेवाईक अजून हयात आहेत अशा एखाद्या गुंडाचे नाव, त्याची लकब किंवा त्याचे वाक्य अशा खेळात कधीही आणू नका.

मुलाच्या बोटांच्या पिस्तुलाची काळजी करू नका. नऊ वर्षांच्या मुलाला खेळ आणि खरे यांतला फरक पुरेसा कळतो, आणि त्याला खरा आनंद आईच्या गँगमध्ये असण्याचा आहे. खेळण्यातल्या पिस्तुलाबाबत मात्र एक नियम पक्का करा : ते घराबाहेर न्यायचे नाही. २०१४ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात बारा वर्षांच्या मुलाजवळचे खेळण्यातले पिस्तूल पोलिसांना खरे वाटले आणि त्यांच्या गोळीने तो मुलगा गेला. हे त्याला घाबरवण्यासाठी सांगू नका, पण नियम मोडू देऊ नका. ही बाई मुलांना काय शिकवणार, असा प्रश्न पुन्हा कोणी केला, तर हा नियम आणि तो करण्यामागचे कारण, एवढे तुमच्याकडे सांगण्यासारखे असेल.

राहता राहिला तुमचा न हसणारा चेहरा. तो वेषाबरोबर कपाटात ठेवून देऊ नका. शाळेच्या पुढच्या सामूहिक फोटोच्या वेळी कोणी ‘मॅडम, जरा हसा ना’ म्हणाले आणि तुम्हाला हसावेसे वाटत नसेल, तर खुशाल हसू नका.