वाचकांचे प्रश्न : पोट भरूनही शेळ्या का उतरतात?

प्रश्न : आमच्या भागात उन्हाळ्यात शेळ्या चारायला रोज लांब न्याव्या लागतात. त्या गाभण नाहीत, दुधातही नाहीत आणि संध्याकाळी पोट भरून येतात. तरी त्यांचे वजन घटत जाते. शेजाऱ्यांच्या शेळ्या मात्र दावणीला नुसत्या ज्वारीच्या कडब्यावर टिकून आहेत. खुराक द्यावा का, आणि किती?
– एक शेळीपालक, अथणी तालुका

उत्तर : पोट भरले म्हणजे ऊर्जेची गरज भागली, असे नसते. शेळी वाढत नसली, गाभण वा दुभती नसली, तरी श्वास, रक्ताभिसरण, पचन आणि शरीराचे तापमान यांसाठी तिला रोज ऊर्जा लागतेच. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९८१ साली दिलेल्या तक्त्यानुसार, बांधून ठेवलेल्या ३० किलोच्या शेळीला वजन टिकवण्यासाठी दिवसाला सुमारे १,३०० किलोकॅलरी चयापचयी ऊर्जा लागते. चाऱ्याच्या हिशेबात ही साधारण ३६० ग्रॅम पचनीय पोषक द्रव्ये होतात. २० किलोच्या शेळीला ९६०, तर ४० किलोच्या शेळीला १,६१० किलोकॅलरी पुरतात. वजन दुप्पट झाले तरी गरज दुप्पट होत नाही, म्हणून लहान शेळीला वजनाच्या मानाने अधिक खाद्य लागते.

आपल्या प्रश्नाचे उत्तर याच तक्त्याच्या पुढच्या भागात आहे. थोडे फिरणाऱ्या शेळीसाठी या गरजेत २५ टक्के, निमकोरड्या चढउताराच्या रानात चरणाऱ्या शेळीसाठी ५० टक्के, आणि विरळ झुडपांच्या माळावर लांबवर हिंडणाऱ्या शेळीसाठी ७५ टक्के वाढ धरतात. म्हणजे आपल्या ३० किलोच्या शेळीची गरज ३६० वरून ५४० ते ६३० ग्रॅमपर्यंत जाते. कडब्याच्या कोरड्या वजनापैकी निम्म्याच्या आसपास भाग पचनीय असतो, म्हणून शेळीने ९०० ग्रॅम खाल्ला तर सुमारे ४५० ग्रॅम मिळतात. शेजाऱ्यांच्या शेळीला ते पुरून उरतात. आपल्या शेळीने रानात तितकेच आणि त्याच प्रतीचे खाल्ले असे धरले, तरी तिला ९० ते १८० ग्रॅमची तूट पडते, आणि ती शरीरातली चरबी व मांस झिजवून भरून निघते.

ही तूट भरण्यासाठी मध्यम चालीच्या शेळीला १०० ते १२५ ग्रॅम, आणि फार हिंडणाऱ्या शेळीला २२५ ते २५० ग्रॅम मक्याचा भरडा रोज द्यावा. तो दोन वेळांत विभागावा आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवत न्यावा, कारण एकदम जास्त धान्य पडल्यास पोटात आम्लता वाढून शेळी दगावू शकते. कडब्यात प्रथिने फार कमी असतात, आणि ती नसतील तर पोटातले सूक्ष्मजीव चारा नीट पचवू शकत नाहीत. म्हणून तुरीचे भुसकट, भुईमुगाचा पाला किंवा शेवरी जोडीला असावी, असा माझा आग्रह आहे. माझ्या मते त्याहूनही आधी चालणे कमी करावे: रान जवळचे निवडावे आणि उन्हाच्या वेळी कळप सावलीत थांबवावा.

वजनकाटा नसल्यास छातीचा घेर इंचांत मोजून त्याचा वर्ग करावा, त्याला खांद्यापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणून ६६० ने भागावे. घेर २७ आणि लांबी २७ इंच असेल, तर वजन सुमारे ३० किलो येते. दर पंधरवड्याला, सकाळी उपाशीपोटीच मोजावे.

प्रश्न : पावसाळ्यात शेळ्या गोठ्यातच असतात आणि त्यांना उसाचे वाडे भरपूर घालतो, तरी त्या खंगतात.
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : हिरव्या वाड्यात साधारण ७० ते ७५ टक्के पाणीच असते. ९०० ग्रॅम कोरडा चारा मिळण्यासाठी शेळीला तीन किलोंहून अधिक वाडे खावे लागतील, आणि तेवढे ती सहसा खात नाही. म्हणून रोज निम्मा चारा वाळलेला द्यावा. अंगावरचे केस भिजले आणि वारा लागला, तर शरीर ऊबदार ठेवण्यातही ऊर्जा खर्च होते. त्यामुळे गोठ्याची पावसाकडची बाजू बंद करावी आणि शेळ्यांना बसायला उंच, कोरडा माचा करावा. जंतांचा प्रादुर्भाव असल्यास दिलेले खाद्यही अंगी लागत नाही, तेव्हा लेंडीची तपासणी पशुवैद्यकांकडून करून घ्यावी.