मन घट्ट करून झालं, आता दवाखान्याचं पाहू

‘माई, माझं वय ३४. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. पाच एकर कोरडवाहू वावर, कपाशी अन् तूर, थोडं सोयाबीन. यंदा सोयाबीन सोंगून हाती काहीच लागलं नाही. सोसायटीचं कर्ज आहे, खाजगीतलं वेगळं. मालक बोलतच नाहीत. वावरातून येतात, जेवतात, भिंतीकडे तोंड करून झोपतात. मी सगळ्यांसमोर हसून राहते. पण पोळ्यापासून मला झोप नाही. पहाटे तीनला डोळा उघडतो, छाती धडधडते, मग झोप लागतच नाही. जेवण जात नाही. बचत गटात जाणं सोडलं. परवा धाकट्यानं पाण्याचा गुंड सांडवला तर मी त्याला खूप मारलं. आता तो जवळ यायच्या आधी विचारते, “आई, आज तू बरी आहे का?” मेडिकलमधून झोपेची गोळी आणली, ती मधून मधून घेते. सासूबाई म्हणतात, बाहेरचं असंल, कोणाला तरी दाखवू. कधी वाटते, झोपलं की उठूच नये. मग लेकरांकडे पाहते. माई, मन घट्ट कसं करू? लेकीसारखं समजून सांगा.’

बाई,

सगळ्यात आधी तुझ्या एका वाक्याबद्दल बोलते, कारण तू ते पटकन लिहून पुढे गेलीस. झोपलं की उठूच नये, असं वाटतं म्हणालीस. जीव फार थकला की असं वाटतं. असा विचार आला म्हणून तू वाईट आई होत नाहीस. पण तो एकटीनं वागवायचा नाही. तो पुन्हा आला, जोर धरायला लागला, तर त्या घडीला एकटी राहू नकोस. शेजारणीला हाक मार, बहिणीला फोन लाव, नाही तर १४४१६ लाव. हा मनाच्या त्रासासाठीचा सरकारचा टेलिमानसचा नंबर, २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाला. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं, आणि तुझ्या त्या पहाटे तीनच्या वेळेलाही चालू असतो. अगदीच आवरेनासं झालं तर १०८ ची गाडी बोलावून दवाखाना गाठ.

आणि फवारणीचं औषध घरात फळीवर किंवा खाटेखाली असेल, तर ते आजच हलव. पेटीत कुलूपबंद कर आणि किल्ली भरवशाच्या नातलगाकडे दे. तुझ्यासाठी सांगते तसंच मालकांसाठीही सांगते. जीव नकोसा होण्याची घडी बहुतेकदा ओसरते. तेवढ्या वेळात हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो.

आता मन घट्ट करण्याचं. ते तू पोळ्यापासून करतेच आहेस आणि त्यानं तुला बरं वाटलेलं नाही. झोप उडणं, पहाटे जाग येणं, अन्न न जाणं, चिडचिड, माणसांत जावंसं न वाटणं, हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर डॉक्टर नैराश्याच्या दृष्टीनं तपासणी करतात. तुझा हा त्रास तर महिन्यांचा होत आला. नाव काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील, मी ठरवणार नाही. पण हे दुखणं आहे आणि त्यावर इलाज आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. वेचणी उरकली की जाऊ, कापूस विकला की जाऊ, असं करू नकोस.

आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. रक्त कमी आहे का आणि थायरॉइड कसं आहे, ते तपासायला सांग. या दोन्हींनी माणूस गळून जातं, मनही खचतं, आणि खेड्यातल्या बाया ते वर्षानुवर्षं अंगावर काढतात. तिथून यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात मनोविकार विभागाची चिठ्ठी माग. तिकडे वर्धा जवळ पडत असेल तर सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयातही हा विभाग आहे. गोळ्या सुरू झाल्या तर फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत काही होत नाही म्हणून सोडू नकोस, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंदही करू नकोस. मेडिकलमधून आणलेली झोपेची गोळी मात्र मला मुळीच पसंत नाही. त्या गोळ्यांची सवय लागू शकते आणि मूळ दुखणं तसंच राहतं. ते पाकीट सोबत नेऊन डॉक्टरांना दाखव.

लोक काय म्हणतील, ही धास्ती तू लिहिली नाहीस, पण ती असणारच. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम झाला होता. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना शिकवून, घरोघरी बसून लोकांशी मनाच्या दुखण्याबद्दल बोललं गेलं. २०१७ मध्ये त्याचे आकडे प्रसिद्ध झाले. आधी नैराश्य असलेल्या शंभरातले जेमतेम ४ जण उपचाराला जात होते, नंतर २७ जाऊ लागले. माणसं तीच होती, वऱ्हाडातलीच. कोणीतरी दारात येऊन नीट विचारलं, एवढंच घडलं. तुमच्या जिल्ह्यातही २०१५ मध्ये सरकारचा प्रेरणा प्रकल्प सुरू झाला, त्यात आशाताईंनी मनाची विचारपूस करणं धरलेलं आहे. तुमची आशाताई विश्वासाची असेल तर तिला सांग. ती भावकीतली असेल, गोष्ट पसरेल असं वाटत असेल, तर थेट दवाखान्यात जा. २०१७ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यानं तुझ्या मनाच्या दुखण्याची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. ‘रक्त तपासून येते’ म्हण, ते खरंच आहे. देवाला नारळ फोडायचा तर फोडू दे. बाहेरचं काढणाऱ्याला मात्र एक रुपया जाऊ देऊ नकोस.

त्या धाकट्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे. साऱ्या घरात तू बरी आहेस का, हे विचारायचं त्याला एकट्याला सुचलं. पण ते तो भीतीनं विचारतो आहे. त्याला जवळ घे आणि सांग, ‘आईला सध्या बरं नाही, म्हणून हात उठला. गुंड सांडणं एवढं मोठं नव्हतं. मी मारायला नको होतं. मी दवाखान्यात जाणार आहे.’ लेकरांना न सांगता ठेवलं की ती सारा दोष स्वतःवर घेतात. आणि त्यानं विचारलं तर दरवेळी ‘बरी आहे’ म्हणू नकोस. ‘आज थोडी कमी बरी आहे, तू इथं बस’ म्हटलंस तरी त्याचा जीव खाली बसेल.

रोजच्या दिवसात फार फेरबदल सांगत नाही, तुला आधीच कामं कमी नाहीत. दिवस मावळल्यावर चहा नको. रात्री कशीही गेली तरी उठायची वेळ एकच ठेव. वेचणीला एकटीनं एक ओळ धरण्यापेक्षा जिच्याशी पटतं तिच्या बाजूची ओळ धर, हात चालू असले की बोलणं सोपं जातं. बचत गटाच्या पुढच्या बैठकीला जा. जायची इच्छा होणार नाही, तरी जा. या दुखण्यात इच्छा आधी येत नाही, जाऊन आलं की मागाहून थोडी थोडी येते. गावात संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होत असेल तर तिथं बसलीस तरी चालेल. तिथं कोणी तुला काही विचारत नाही आणि तू एकटीही नसतेस.

मालकांशी घरात, सासूबाईंसमोर बोलायला जाऊ नकोस. वावरात धुऱ्यावर शिदोरी सोडता तेव्हा बोल. ‘तुम्ही टेन्शन घेऊ नका’ हे म्हणू नकोस, त्यानं माणूस आणखी गप्प होतं. स्वतःचं सांग. ‘मला पहाटे झोप नाही, मी दवाखान्यात जाते, तुम्ही सोबत चला.’ मग विचार, ‘तुमच्या मनात जिवाचं काही बरंवाईट येते का?’ असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात भरत नाही. उलट पुष्कळांचा बांध तिथं फुटतो. ते हो म्हणाले तर त्यांनाही त्याच दिवशी सोबत ने.

मनाचे उपाय सांगून कर्ज विसरायला लावणं मला मान्य नाही. मोठ्याच्या वहीच्या एका पानावर दोघं मिळून लिहा, कोणाचं किती, व्याज किती, कधी द्यायचं. सोसायटीच्या सचिवांना भेटून कर्जाचं पुनर्गठन, म्हणजे फेडायची मुदत आणि हप्ते नव्यानं ठरवून देणं, होतं का विचारा. खाजगीतला सावकार परवान्याचा आहे का, तेही पाहा. सावकारीचा २०१४ चा कायदा आहे, विनापरवाना सावकाराविरुद्ध तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे तक्रार करता येते. हे सारं एका दिवसात होणार नाही, आणि दवाखान्याच्या आधी तर नाहीच.

डॉक्टर काय म्हणाले ते मला कळव. पत्र बंद पाकिटात पाठव, छापायचं नाही असं वर लिहिलंस तर छापणार नाही.

तुझी माई