लग्नही नोव्हेंबरात आणि ब्लॅकपिंकही: पासपोर्टवरचं नाव आत्ता बदलू नकोस

तुझी पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. वयाने मोठी आहे, म्हणून थेट अगं-तुगं करते.

तुझा प्रश्न मला समजला तो असा: तुळशीचं लग्न झालं की तुझं लग्न, आणि 29 नोव्हेंबर 2025 ला सिंगापूरच्या नॅशनल स्टेडियमवर ब्लॅकपिंक या कोरियन गायिकांच्या गटाच्या 'डेडलाइन' टूरचा शो. व्हीआयपी तिकीट आणि फॅन क्लबची मेंबरशिप दोन्ही माहेरच्या नावावर. पासपोर्टची मुदत एप्रिल 2026 ला संपते, म्हणजे प्रवासाच्या वेळी लागणारे सहा महिने शिल्लक राहत नाहीत आणि तो नवा काढावाच लागणार. घरचे म्हणतात, दोनदा खर्च कशाला, लग्न झालं की नव्या नावाने एकदाच काढ.

माझं मत स्पष्ट आहे. घरच्यांचं ऐकू नकोस. आत्ता, लग्नाच्या आधी, आहे त्याच नावाने आणि आहे त्याच पत्त्यावर रीइश्यूला, म्हणजे पासपोर्ट नव्याने काढायला टाक. 36 पानी पासपोर्टचे 1,500 रुपये, तत्काळ हवा असेल तर वर 2,000. लग्नाच्या खर्चात ही रक्कम कुणाच्या लक्षातही येणार नाही. सिंगापूरहून परत आलीस की नाव बदलायचं का, काय लावायचं, हे निवांत ठरव.

इतक्या ठामपणे सांगते, कारण याच कारणाने मी ब्लॅकपिंकच्याच आधीच्या 'बॉर्न पिंक' टूरचा शेवटचा टप्पा गमावला. सप्टेंबर 2023, सोलचा गोचोक स्काय डोम, 16 आणि 17 तारीख. माझं तिकीट 16 चं होतं. तिकीट काढलं तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं, म्हणून बुकिंगवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. लग्नानंतर व्हिसाची कागदपत्रं करून देणाऱ्या एका कार्यालयात गेलो. कोरियाला आपल्याला व्हिसा लागतोच आणि प्रवासाचा खर्च नवरा करणार, असं अर्जात दाखवायचं होतं. तिथल्या माणसाने फाइल उघडून पाहायच्या आत सांगितलं, "मॅडम, आता लग्न झालंय, जुन्या नावाचा पासपोर्ट चालणार नाही. आधी नाव बदलून आणा."

मी ते ऐकलं आणि नव्या नावाचा पासपोर्ट काढला. पण हे साफ चुकीचं होतं. लग्न झालं म्हणून बाईने नाव बदललंच पाहिजे असा आपल्याकडे कुठलाही कायदा नाही. माहेरच्या नावाचा पासपोर्ट मुदत संपेपर्यंत पूर्ण वैध असतो. परराष्ट्र मंत्रालयाने तर डिसेंबर 2016 मध्येच नियम सोपे करून विवाहितेला पासपोर्टसाठी विवाह प्रमाणपत्र जोडण्याची सक्ती काढून टाकली. नवऱ्याचा खर्च दाखवायचा तर नातं सिद्ध करायला लग्नाचं प्रमाणपत्र असतं, त्यासाठी आडनाव जुळावं लागत नाही. मी तेव्हा तिथेच विचारलं होतं, की माझं कॉन्सर्टचं तिकीट जुन्या नावावर आहे, त्याचं काय? उत्तर मिळालं, "ते तिकडे दाखवा, लग्नाचं सर्टिफिकेट असलं की झालं." रद्द झालेला जुना पासपोर्ट सोबत नेऊ का, हेही विचारलं. "काही गरज नाही, तो आता रद्दी." तो जुना पासपोर्टच माझ्या जुन्या आणि नव्या नावातला दुवा होता आणि तो पुण्यात कपाटात राहिला.

गोचोकच्या तिकीट काउंटरवरची मुलगी नम्र होती, हे मुद्दाम लिहिते. तिने पासपोर्ट उघडला, नावाच्या ओळीखाली बोट ठेवलं, मग समोरच्या यादीतल्या नावाखाली. पहिलं नाव जुळलं, जन्मतारीख जुळली. मधलं नाव वेगळं, आडनाव वेगळं. मी पासपोर्टचं शेवटचं पान उघडून वडिलांचं नाव दाखवलं, तिथे माहेरचं आडनाव स्पष्ट छापलेलं होतं. त्याच पानावर जुन्या पासपोर्टचा नंबरही होता, पण जुनं नाव नव्हतं. नगरपालिकेचं लग्नाचं प्रमाणपत्र पुढे केलं. तिने ते दोन्ही बाजूंनी पाहिलं, आतून एका वरिष्ठ बाईंना बोलावलं, त्यांनी फोनवरच्या भाषांतरातून विचारलं की नाव का बदललं. लग्न झालं म्हणून, हे उत्तर त्यांना पटेना, कारण कोरियात लग्नानंतर बायका आपलं आडनाव बदलत नाहीत. आपल्याकडे मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, पहिलं नाव बदलायचीही रीत काही घरांत आहे, हे त्या खिडकीपाशी कसं समजावणार? त्यांच्या नजरेतून तिकीट एका बाईचं आणि पासपोर्ट दुसऱ्याच बाईचा. काळ्या बाजाराला आळा घालायला केलेला नियम आहे तो, आणि त्या नियमाने वागल्या, मला तिकीट मिळालं नाही. त्यांच्यावर माझा राग नाही.

राग त्या पुण्यातल्या कार्यालयावर आहे, आजही. परत आल्यावर गेले तर "आम्ही व्हिसाचं बघतो, कॉन्सर्टचं नाही" एवढंच. व्हिसा तर जुन्या नावावरही मागता आला असता! फी घेताना सगळं माहीत असल्यासारखं बोलायचं आणि निस्तरायची वेळ आली की हात वर करायचे, हा प्रकार फार वाईट आहे. असल्या लोकांकडून अर्ज भरून घे, वेळ वाचतो, पण सल्ला घेऊ नकोस. सल्ल्यासाठी पासपोर्ट सेवा आणि त्या त्या देशाच्या इमिग्रेशनची अधिकृत संकेतस्थळं आहेत.

तुझ्याकडे येते. सिंगापूरला साध्या तिकिटाला दारावर कदाचित कुणी नाव विचारणारही नाही. पण व्हीआयपी पॅकेजच्या चेक-इनला फोटो ओळखपत्र आणि बुकिंगवरचं नाव जुळवून पाहण्याची पद्धत सर्रास आहे, आणि तुझे सगळ्यात जास्त पैसे तिथेच अडकलेत. तिकीट कंपनीला आत्ताच मेल कर. विषयातच बुकिंग नंबर घाल. पासपोर्टवरचं नाव, अगदी छापलंय तसं, आणि बुकिंगवरचं नाव एकाखाली एक लिही आणि चेक-इनला हे चालेल का, एवढंच विचार. लग्नाची हकिकत लिहू नकोस, गोंधळ वाढतो. उत्तर आलं की छापून ठेव.

इथे आपल्या मराठी नावांची एक गंमत नाही, अडचणच आहे. पासपोर्टच्या 'गिव्हन नेम'च्या रकान्यात बहुतेकींचं स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव सलग असतं. बुकिंग करताना आपण फक्त स्वतःचं नाव आणि आडनाव टाकतो. एवढ्या फरकावर सहसा कुणी अडवत नाही, पण मेलमध्ये विचारून घे.

विमानाचं तिकीट होणारा नवरा किंवा दीर काढणार असेल तर त्यांना तुझ्या पासपोर्टचा फोटो पाठव आणि त्यावरूनच नाव भरायला सांग. माझ्या ओळखीत एकाने हौसेने बायकोचं नवं आडनाव टाकलं आणि दुरुस्तीसाठी एअरलाइनला भरपूर पैसे मोजले. फॉरेक्स कार्डला, म्हणजे परकीय चलन भरून नेतात त्या कार्डाला, पॅन आणि पासपोर्ट लागतो, म्हणून पॅन आणि आधारही परत येईपर्यंत जुन्याच नावावर राहू दे. बँकेतली माणसं, सासरची मंडळी, सगळे "आता करूनच टाक" म्हणतील. डिसेंबरात करीन, असं गोड बोलून सांग.

व्हिसा नवा पासपोर्ट हातात आल्यावरच. सिंगापूरचा व्हिसा पासपोर्ट नंबरला जोडलेला असतो आणि अर्ज प्रवासाच्या आधीच्या 30 दिवसांत करायचा असतो. म्हणजे तुझ्या बाबतीत ऐन लग्नाच्या धामधुमीत. फोटो आणि कागद आधीच एका पाकिटात घालून भावाकडे दे. अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापूरच्या इमिग्रेशनचा प्रवेशाचा फॉर्म, पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, ते फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्या साइट दिसल्या तर लगेच बंद कर.

थोडं विषयांतर. ब्रिटिश बँड कोल्डप्ले जानेवारी 2025 मध्ये नेरुळला तीन आणि अहमदाबादला दोन कार्यक्रम करून गेले, म्हणजे आपल्याकडे मैदानं नाहीत, माणसं येत नाहीत, हे कारण उरलेलं नाही. तरी 'डेडलाइन'च्या आशियाई यादीत काओशुंग, बँकॉक, जकार्ता, बुलाकान, सिंगापूर, टोकियो, हाँगकाँग, आणि भारतातलं एकही शहर नाही. आपल्या पोरींनी पासपोर्ट, व्हिसा, विमान असं सगळं करून जायचं आणि कुणाच्या तरी अर्धवट सल्ल्याने दारातून परत फिरायचं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आणि आवाज उठवला की फरक पडतो. जुलै 2025 मध्ये याच टूरच्या कोरियातल्या गोयांगच्या शोला एन-3 विभागातल्या लोकांना मोठ्या पडद्यामुळे स्टेज दिसेना, त्यांनी फोटोंसकट तक्रारी केल्या, तेव्हा आयोजकांनी माफी मागितली आणि परताव्याची तयारी दाखवली. तुझ्याही जागेसमोर काही आडवं आलं तर तिथल्या तिथे फोटो काढून ठेव.

मी वकील नाही आणि पासपोर्ट ऑफिसात कामालाही नाही. वर लिहिलंय ते स्वतःच्या अनुभवावरून आणि नंतर खणून काढलेल्या माहितीवरून. नियम बदलतात, अर्ज करायच्या दिवशी पुन्हा पाहून घे.

एक राहिलं. आत्ताच्या पासपोर्टवर रद्दचा शिक्का मारून परत देतील, तो सांभाळून ठेव आणि पुढे कधी नाव बदललंस तर प्रत्येक परदेश प्रवासात नव्यासोबत ने. अपॉइंटमेंट आजच बघ. सणांच्या सुट्ट्यांमुळे जवळच्या केंद्रात तारीख मिळाली नाही तर शेजारच्या जिल्ह्यातल्या केंद्राचीही पाहा, आणि तिकीट कंपनीचं उत्तर काय येतं ते इथे लिही. ते संदिग्ध असेल तर पुढचा मेल आपण मिळून लिहू.