स्क्रूज नेमका कधी बदलतो?

प्रश्न: ताई, मी दिवाळी अंकासाठी एका कंजूष काकांची गोष्ट लिहिली, शेवटी ते बदलतात आणि सगळ्यांना फराळाला बोलावतात. संपादकांनी परत पाठवली, बदल पटत नाही म्हणाले. पण इंग्रजी लेखक डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरल'मधला कंजूष म्हातारा स्क्रूज पण एका रात्रीतच बदलतो ना? मग त्याचं का पटतं?

उत्तर: तुमची सोबत पाठवलेली गोष्ट दोनदा वाचली. काका छान उतरलेत, त्यामुळे ही गोष्ट सोडून देऊ नका.

स्क्रूजची रात्र एकच आहे हे खरं, पण तो त्या रात्रीत हळूहळू, थोडा थोडा बदलत जातो. डिकन्सने १८४३ मध्ये हे छोटंसं पुस्तक लिहिलं, कॅरल म्हणजे नाताळचं गाणं म्हणून त्याने प्रकरणांना कडवी म्हटलं, अशी पाच कडवी आहेत. पहिल्यात माणूस कसा आहे ते, मग भूतकाळ, वर्तमान आणि भविष्य दाखवणारी तीन भुतं, आणि पाचव्यात नाताळची सकाळ. एवढा सांगाडा सगळ्यांनाच माहीत असतो, आणि आपण नक्कल करतो ती पण त्याचीच. खरी गंमत आतल्या जोडकामात आहे.

पहिल्या कडव्यात एक पोरगा स्क्रूजच्या ऑफिसच्या दाराशी, किल्लीच्या भोकातून नाताळचं गाणं म्हणायला लागतो आणि स्क्रूज इतक्या जोरात रूळ उचलतो की पोरगा घाबरून पळतो. तीन-चार ओळींचा प्रसंग, वाचताना आपण विसरून पण जातो. दुसऱ्या कडव्यात पहिलं भूत त्याला त्याच्या शाळेत नेतं, सुट्टीत बाकी मुलं घरी गेलीत आणि हा एकटाच वाचत बसलाय. ते बघून त्याला रडू येतं आणि तो म्हणतो, काल दाराशी एक मुलगा गाणं म्हणत होता, त्याला काहीतरी द्यायला हवं होतं. बस्स, एवढंच! पुढे जुन्या मालकाची, फेझिविगची पार्टी बघताना त्याला आपला कारकून आठवतो, त्याच्याशी दोन शब्द बोलावेसे वाटतात. मला विचाराल तर स्क्रूज बदलायला लागतो तो इथे, पाचवं कडवं अजून लांब आहे. आणि तरी त्याच कडव्याच्या शेवटी तो त्या भुताच्या डोक्यावर त्याचीच टोपी दाबून डोक्यातून येणारा उजेड विझवायला बघतो, म्हणजे माणूस अजून अडून बसलाय, आणि म्हणूनच मला तो खरा वाटतो.

तिसऱ्या कडव्यात तर त्याचेच शब्द त्याच्यावर उलटतात. वर्गणी मागायला आलेल्या लोकांना तो आधी म्हणालेला असतो की गरीब मरणार असतील तर मरू देत, जास्तीची लोकसंख्या तरी कमी होईल. आता कारकुनाचा आजारी मुलगा, टायनी टिम, जगेल का असं तो काकुळतीने विचारतो तेव्हा भूत तेच वाक्य त्याला ऐकवतं आणि तो मान खाली घालतो. उपदेश करायची गरजच उरत नाही.

कोळशाचं पण तसंच. सुरुवातीला कारकुनाच्या शेगडीत जेमतेम एक निखारा, कोळशाची पेटी स्क्रूजच्या खोलीत, शेवटी स्क्रूज त्याचा पगार वाढवतो आणि सांगतो, आधी शेगड्या पेटव, कोळशासाठी दुसरी बादली आण, मग कामाला लाग.

आता तुमचे काका. पहिल्या पानावर ते पणत्यांमध्ये तेल मोजून घालतात, हे फार सुंदर लिहिलंय तुम्ही, आणि नंतर ते तेल गोष्टीत कुठेच येत नाही! ते मध्यावर आणा. शेजारच्या अंगणातल्या पणत्या लवकर विझताना त्यांना दिसू देत, त्यांनी काहीच करू नये, फक्त खिडकीत थोडा वेळ उभं राहावं. मग फराळाचं बोलावणं मला पटेल, संपादकांना पण पटावं. नवीन खर्डा झाला की पाठवा, मला वाचायचाय.